दुरुस्त वेळेचा नावाडी

एका जंगलात एक नदी होती, आणि त्या जंगलाचा राजा वाघ पाण्याला घाबरायचा. हसू नका रे. राजे कशालाही घाबरू शकतात, फक्त ते बाहेर बोलायचं नसतं.

नदीवर एक नाव होती. ती काळोबा अस्वल चालवायचा. अंगाने चांगला भरलेला. तो बसला की नाव खोल जायची, पण त्याने वल्हं मारलं की सुसाट सुटायची. कुणाची काही तक्रार नव्हती, म्हणून एक तज्ज्ञ बोलावण्यात आला.

तज्ज्ञ म्हणजे मुंगूसपंत. परदेशी जंगलात शिकून आलेले. त्यांनी दरबारात समजावलं की नावाडी जड असला की नाव खोल बसते, मग तिला जास्त पाणी ढकलावं लागतं आणि वेग मंदावतो. आणि हे अगदी खरं होतं बरं का. पंचाईत तीच होती.

काळोबा एवढंच म्हणाला, "नाव खोल बसते खरी. पण मी ओढतोही तेवढ्याच जोरात." त्यावर त्याला सांगण्यात आलं की शिकलेल्यांच्या मध्ये बोलू नये.

मग नवा नावाडी निवडायची परीक्षा ठरली. राजेसाहेबांना बघायला बरं पडावं म्हणून ती कोरड्या वाळूत ठेवली. नाव वाळूत रोवली. वल्ह्याने वाळूचा ढीग जो आधी उपसेल तो जिंकणार. काळोबाने बघता बघता उपसला. त्याच्यासमोर उभ्या केलेल्या हलक्याफुलक्या सशाला संध्याकाळ झाली. पण मुंगूसपंतांनी सशाला हलकेपणाची सूट दिली, काळोबाला जाडीचा दंड लावला आणि जे काही निघालं त्याला 'दुरुस्त वेळ' असं नाव दिलं. दुरुस्त वेळेनुसार ससा जिंकला. आपल्याला पोहताही येत नाही, असं तो बिचारा दबकत सांगत होता. सगळ्यांना तो त्याचा विनय वाटला.

आणि मग पूर आला. तांबू हरिणीचं पाडस नदीतल्या बेटावर चरायला गेलं होतं, ते तिथेच अडकलं. पाणी चढत होतं. तांबू काठावर नुसती येरझारा घालत होती. मुलांनो, इथे मला थट्टा सुचत नाही.

सशाला नावेत बसवलं. नाव काय सुरेख तरंगली! पाण्याला जेमतेम टेकली होती म्हणा ना. फक्त सशाला वल्हं उचलेना. मधल्या धारेत नाव गरगर फिरू लागली. मुंगूसपंतांनी काठावर हिशेब केला आणि जाहीर केलं की दुरुस्त वेळेनुसार ससा केव्हाच बेटावर पोहोचला आहे. टाळ्या झाल्या. राजाने हार मागवला.

"मग माझं लेकरू कुठाय?" तांबूने विचारलं.

कुणी काही बोलायच्या आत काळोबाने पाण्यात उडी टाकली. पोहत जाऊन नाव गाठली, आत चढला. नाव खोल बसली आणि सरळ बेटाकडे निघाली. पाडस मानेपर्यंत पाण्यात उभं होतं. काळोबाने त्याला आत ओढलं, सशाला पायाशी दाबून धरलं आणि नाव काठाला आणली.

तांबू धावली. पाडसाला चाटत सुटली. ते थरथरत तिच्या पोटाखाली शिरलं आणि दूध पिऊ लागलं.

मुंगूसपंत खाकरले. "बाई, जरा दमानं. दंड धरला तर काळोबा अजून निघालेलाच नाही. तुमचं पाडस बेटावरच आहे."

सगळ्यांनी बेटाकडे पाहिलं. तिथे आता नुसतं पाणी होतं.

राजाने जड अंतःकरणाने पाडसाचा दुखवटा जाहीर केला. हार सशाच्या गळ्यात पडला. शोकसभेला तांबूने वेळेवर हजर राहावं आणि येताना पाडसाला आणू नये, असा हुकूम निघाला.

तात्पर्य: पुरात सापडलात तर हाक मारण्याआधी येणाऱ्याचं वजन विचारून घ्या. जाड्याने वाचवलं, तर तुम्ही वाचलात असं धरत नाहीत.