लिफ्टला कंठ फुटला

लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडकली होती. अडकली म्हणजे बिघडली नव्हती. कोणीतरी बाहेर पडताना जाळीचं दार उघडं टाकून गेलं होतं, आणि दार उघडं असलं की ही लिफ्ट जागची हलत नसे. खाली हातात भाजीची पिशवी घेऊन ऑपरेटरकाका उभे होते. चाळीस वर्षं सिनेमाच्या थेटरात प्रोजेक्टर चालवला म्हणून ऑपरेटर. त्या केबिनचा उभा जिना चढून चढून गुडघ्यांची वाट लागली होती आणि डॉक्टरांनी आता जिना साफ बंद केला होता. घर सहाव्या मजल्यावर.

"अहो चौथा मजला! दार लावा!" काकांनी वर तोंड करून हाक मारली. चौथा मजला ढिम्म. शेवटी कठडा धरून, दर मजल्यावर एकेका बिऱ्हाडाचा उद्धार करत काका वर पोचले.

दार उघडं राहिलं की लिफ्टमध्ये टिंगटिंग वाजायची, पण ती आता कोणाच्या कानात शिरत नव्हती. लिफ्टचा मेकॅनिक म्हणाला, "काका, टिंगटिंग काढून दुसरा कुठलाही आवाज घालता येतो. फक्त आठ सेकंदांच्या आत बसवा आणि वेव्ह फाईल करून द्या. दुसरी फाईल आमचा आवाजाचा डबा खात नाही."

आवाजांचा तुटवडा काकांना कुठला! कितव्या रिळात कोण काय बोलतं, सगळं तोंडपाठ. दोन दिवस कॉम्प्युटरशी झटापट करून ते सिनेमातून आवाज वेगळा काढायला, कापायला आणि फाईल बदलायला शिकले. पहिला मान एका जुन्या नायिकेला मिळाला. "जाताना दार लावून घ्या ना... माझ्यासाठी."

स्वयंपाकघरातून काकू बाहेर आल्या. "कोण ही?"

"फाईल आहे."

"फाईल एवढं लाडात बोलते?"

लिफ्टमध्येही तोच घोटाळा झाला. लोक दार लावेनात, कारण लावलं की ती गप्प बसायची. तिसऱ्या मजल्यावरचे वकील एक पाय दारात ठेवून पाऊण तास पेपर वाचत उभे राहिले. त्या आठवड्यात काका चार वेळा जिना चढले.

"गोडीने होत नाही ना, मग धाकाने!" म्हणत त्यांनी एक खलनायक कापला. "दार बंद कर! नाहीतर इथून जिवंत जाणार नाहीस!" मागचा नगाऱ्यांचा गडगडाट काही केल्या निघेना, म्हणून राहू दिला. आता लोक लिफ्टबाहेर उडी मारून धूम ठोकू लागले. दार लावायला थांबतो कोण?

दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर हात जोडून आले. "काका, काहीतरी करा हो. पेशंट आधीच घाबरलेला असतो. आज तिघं माझ्या दारापर्यंत आले आणि जिन्याने घरी पळाले."

आता सगळी भिस्त एका सिनेमातल्या कडक मुख्याध्यापिकेवर होती. पण त्या डिस्कवर इतके चरे पडले होते की कॉम्प्युटर तिला हातच लावेना. काकांनी ती जुन्या प्लेयरवर लावली, टीव्हीचा आवाज मोठा केला आणि समोर माइक ठेवला. खाली मेकॅनिक खोळंबला होता. बाईंचं वाक्य संपलं तसा काकांनी तेवढा तुकडा कापला, वेव्ह केला आणि पुन्हा न ऐकताच देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी बटण दाबलं आणि लिफ्ट आली! संध्याकाळीही आली. वकील तिसऱ्या मजल्यावर उतरून चार पावलं गेले, तोच मागून आवाज आला, "अहो! दार लावा आधी! किती वेळा सांगायचं एका माणसाला?" वकील गर्रकन वळले. "लावतो, लावतो," म्हणत त्यांनी दार लावलं. डॉक्टरांनी तर दाराची माफी मागितली.

मुख्याध्यापिका त्या फाईलमध्ये होत्या, पण कुठेतरी लांब पुटपुटत होत्या. पुढे, खणखणीत, काकू होत्या. टीव्हीचा गोंगाट असह्य होऊन, खोलीचं दार लावा म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातून जे ठणकावलं होतं, ते माइकने नेमकं टिपलं होतं.

हे काकूंना कळलं तेव्हा काकांनी तोंडासमोर पेपर धरला. काकूंनी लिफ्टमधून सहा वेळा वर-खाली करून स्वतःला ऐकलं. "आवाज बरा आलाय," त्या म्हणाल्या. इमारतीतल्या बायका त्यांना भेटून जाऊ लागल्या. एकीने घरी वाजवायला ती फाईल मागून नेली.

आठवडा झकास गेला आणि लिफ्ट पुन्हा अडकू लागली. आता फक्त सहाव्या मजल्यावर. मेकॅनिकने तारा तपासल्या, डबा उघडून पाहिला. "आवाज चांगला मोठा येतोय की, काका. उतरताना तुम्हाला ऐकू येत नाही?"

"कसला आवाज?" काकांनी विचारलं.

बिचारे खोटं बोलत नव्हते. टिंगटिंग त्यांना ऐकू यायची, नायिका यायची, खलनायकही यायचा. पण हे वाक्य ते पस्तीस वर्षं रोज घरात ऐकत आले होते आणि त्यांच्या कानांनी त्याची दखल घेणं कधीच सोडून दिलं होतं.

त्या दुपारीही ते लिफ्टमधून उतरले आणि दार तसंच टाकून आरामखुर्चीत येऊन बसले. बाहेर लिफ्ट ओरडत राहिली. थोड्या वेळाने काकू सहा मजले जिन्याने चढून आल्या, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. दारात उभं राहून त्यांनी बोलायला तोंड उघडलं, पण इतका दम लागला होता की शब्दच फुटेना. त्या नुसत्या काकांकडे बघत राहिल्या.

काका ताडकन उठले, धावत बाहेर गेले आणि लिफ्टचं दार लावून आले.