तीन रिकाम्या खेपा

एका जंगलात नदी होती खाली आणि सगळे प्राणी राहत टेकडीवर. का, ते विचारू नका. राजधानी वर होती.

तर बाळांनो, नदीचं पाणी वरच्या टाक्यात चढवायला एक डिझेल इंजिन होतं. त्याच्या पोटात होता पिस्टन. तो खाली जाऊन हवा आत ओढायचा. वर येऊन ती दाबायचा. दाबून दाबून ती इतकी तापायची की डिझेल पडताच भडका उडे आणि पिस्टन दणकन खाली येई. त्या जोरावर पंप चाले. मग वर येऊन धूर बाहेर ढकलायचा. अशा चार खेपा झाल्या की पुन्हा पहिल्यापासून.

इंजिन सांभाळायचा भागोजी साळिंदर. इंजिन कधी बंद पडत नसे. त्यामुळे भागोजी काही काम करतो, हे दरबारात कुणाला ठाऊकच नव्हतं.

एकदा सिंहमहाराजांनी काटकसरीसाठी कोल्हेसाहेबांना नेमलं. साहेब वही घेऊन आले.

"भागोजी, चारपैकी जोराची खेप कुठली रे?"

"तिसरी, साहेब."

"आणि बाकीच्या?"

"त्या तिसरीसाठीच असत्यात."

"म्हणजे फुकट! उद्यापासून फक्त तिसरी."

"साहेब, हवाच नाही घेतली तर भडका कशाचा उडायचा? पाणी चढणार नाही. हरणीची पाडसं आठ दिवसांची हायेत, नदीपर्यंत कशी जातील?"

"तुम्हा जुन्या लोकांना नवीन काही नकोच असतं," असं म्हणून साहेबांनी हवेची आणि धुराची, दोन्ही झडपा ठोकून बंद करवल्या.

इंजिन अर्थातच थांबलं. टाकं कोरडं पडलं.

मला या कोल्ह्याचा भयंकर राग येतो. महाराजांना मात्र आला नाही. अहवालात लिहिलं होतं, डिझेलचा खर्च शून्य, धूर शून्य, आवाज शून्य. महाराजांनी साहेबांना बढती दिली. पाणी न चढवल्याबद्दल भागोजीला शिक्षा झाली. त्याने कावडीने पाणी वाहायचं.

बिचारा नदीवर उतरे, घागरी भरे, धापा टाकत चढे, पाडसांना पाजे आणि पुन्हा उतरे. काल साहेब वाटेत उभे होते.

"भागोजी, खाली जाताना घागरी रिकाम्याच असतात का रे?"

"असत्यात, साहेब."

"मग उद्यापासून खाली जायचं नाही. फक्त भरून वर यायचं."

पाडसं आज सकाळपासून टाक्यापाशी उभी आहेत.

तात्पर्य : मुलांनो, यंत्र कसं चालतं ते चुकूनही शिकू नका. ते बंद पडलं की ज्याला कळतं त्याच्या खांद्यावर कावड येते. ज्याला कळत नाही, तो साहेब होतो.