हौसरावांचा चालता नमस्कार

"बटणं न्हाई चालायची, पोरी," हौसराव म्हणाले. "म्या नुसता पुढं झुकलो की ह्यानं पाऊल टाकावं. ज्या अंगाला झुकीन तिकडं वळावं."

दौंडच्या रेल्वे कॉलनीतली तहमीना इंजिनिअर होती. लकवा मारलेल्यांना चालवणारं यंत्र ती बनवत होती. कमरेला पट्टा, पायांना मोटारी, भोवती चाकांची चौकट. ज्याला चालायचंय त्यालाच विचारून बनवायचं, हा तिचा हट्ट. सूचना द्यायची सवय हौसरावांना गावच्या सहकारी सोसायटीच्या राजकारणातून होतीच. तिने यंत्र अगदी त्यांच्या मनाजोगतं केलं.

हौसरावांना घाई होती. पाटसजवळच्या त्यांच्या गावात रविवारी सोसायटीची सभा होती. विरोधी गटाच्या इंद्रजीतने स्टेजला मुद्दाम उतार बांधून घेतला होता, "आबांच्या व्हीलचेअरसाठी." सांगताना तो हसलाही होता. हौसरावांना ते फार झोंबलं.

"चालत वर गेलो तर चेअरमनकीला हुबा ऱ्हाईन," त्यांनी बायकोला, तुळजाबाईंना बजावलं. "खुर्चीत बसून खुर्ची मागायची न्हाई!"

दौंडच्या हॉलमध्ये सराव झकास झाला. तिथे एकही मतदार नव्हता, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

रविवारी मंडपात शिरताच डावीकडून कुणीतरी "राम राम आबा!" केलं. हौसरावांनी सवयीने हात जोडले आणि त्या अंगाला कमरेत वाकले. यंत्र डावीकडे निघालं. तिथून थेट बायकांच्या बैठकीत.

"अवं, बायकांत कुठं शिरताय?" तुळजाबाई ओरडल्या.

"माफ करा, माउली," म्हणत हौसराव पुन्हा वाकले. यंत्र आणखी आत शिरलं. बायका पदर सावरत पांगल्या.

"आबा, हात जोडू नका! ताठ राहा!" तहमीना मागून धावत आली.

"विलेक्शनच्या तोंडावर ताठ ऱ्हाऊ? लोक म्हंतील, आबा माजला!"

नमस्कार करत, वळणं घेत हौसराव स्टेजच्या उताराशी उभ्या इंद्रजीतसमोर येऊन ठेपले. लोकांसमोर आपण उणे दिसायला नको म्हणून इंद्रजीतनेही हात जोडले. नमस्कार परत न करण्याइतके हौसराव कच्चे नव्हते. ते वाकले, यंत्र पुढे सरकलं. इंद्रजीत मागे सरला आणि अधिकच वाकला. दोघेही हटेनात. असा मागे सरता सरता इंद्रजीत स्वतः बांधलेला उतार उलट्या पावलांनी चढला, आणि त्याच्या पाठोपाठ हौसराव चालत स्टेजवर पोचले!

टाळ्यांचा कडकडाट झाला. हौसरावांनी तिथल्या तिथे उमेदवारी जाहीर केली.

सभा संपली आणि पंचाईत झाली. वरून उतार पाहताच हौसरावांचं अंग काठीसारखं ताठलं.

"आबा, यंत्राला ब्रेक आहे. थोडं पुढे झुका," तहमीनाने विनवलं.

"झुकवंना गं."

तुळजाबाई उताराच्या पायथ्याशी येऊन उभ्या राहिल्या. "मला करा नमस्कार."

"याड लागलं का? बायकूला?"

"मग बसा वरच."

हौसरावांनी मंडपभर नजर फिरवली. सगळं गाव बघत होतं. त्यांनी हळूच हात जोडले आणि वाकले. यंत्राने पाऊल टाकलं. तुळजाबाई एक पाऊल मागे सरल्या. पुन्हा नमस्कार, पुन्हा पाऊल.

उतार संपला, तरी तुळजाबाई थांबल्या नाहीत. थेट गाडीपर्यंत त्या तशाच मागे मागे सरत गेल्या.