सुहासिनीकाकूंच्या ऑर्किडचा खून

अरे ऐका ना, अख्ख्या जालन्यात माझ्याइतका तेज गुप्तहेर बिलकुल न्हाई. माणसाच्या पायातले बूट बघून मी छातीठोक सांगतो, हा अनवाणी न्हाई! तर परवाची केस. मदतनीस म्हणून माझी बहीण तृप्ती संगट होती. तिला खरं म्हणजे आईनं शेजारी वाटी परत द्यायला पाठवल्तं.

शेजारच्या सुहासिनीकाकूंच्या हॉलमध्ये ऑर्किड हाये. सून यशश्री पुण्याला जाताना ठेवून गेल्ती. "तुला झाड जगवता येत न्हाई, मी जगवून दाखवते," असं काकू सगळ्या पाव्हण्यांसमोर बोलून बसल्या. अन् आता पानं पिवळी, देठ लुळा, सून उद्या सकाळी हजर!

"अंगद, कायबी कर बाबा, इज्जतीचा सवाल हाये!"

मी कुंडीत भिंग घातलं अन् हादरलोच. "काकू, माती गायब! नुसती सालपटं अन् कोळसा! चोरी झाली!"

"दादा, ऑर्किड सालीतच लावतात," तृप्ती म्हणली.

"मदतनीसानं मधी बोलायचं न्हाई."

मंग दुसरा धागा. मुळं कुंडीबाहेर लोंबून राह्यल्ती. "म्हणजे झाड पळून जायच्या तयारीत होतं! घरात जाच हाये!"

पेपरामागून जगन्नाथकाका म्हणले, "जाच मलाबी हाये. मी गेलो का पळून?"

मी काकांनाच संशयित केलं. जाचाची एवढी बराबर माहिती त्यांना कशी?

तेवढ्यात गल्लीत बोंब उठली, "नळ आलाऽऽ!"

आता आपल्याकडं नळ येतो आठ-दहा दिवसांनी, अन् आला की घरातलं कालपर्यंतचं पाणी एका मिनटात शिळं. काकूंनी माठ उचलला. "फेकायचं कशाला? झाडाला जाईल." ओतला ऑर्किडमध्ये. मागून काकांची कळशी. उषाबाई तर समोरच्या घरातून बादली घेऊन आल्या, "आमच्याकडं झाड न्हाई ना बाई!" मीबी रांगेत उभा राहून माझी बाटली रिकामी केली.

"दादा, खुनी सापडला का?"

"थांब ना, ओतून राह्यलोय!"

तृप्तीनं कुंडी तिरपी केली. बदाबदा पाणी! बाहेरच्या शोभेच्या कुंडीला भोकच न्हाई, अन् आत मुळं कुजून काळी. "ह्याला घोटभर पाणी पुरतं. तुम्ही दर नळाला त्याला बुडवून राह्यले." तिनं सडकी मुळं कापली, झाड निथळत ठेवलं. "दोन मुळं हिरवी हायेत. जगंल. पण उद्या दिसणार असंच."



सकाळी यशश्री आली तेव्हा आम्ही सगळे हॉलमध्येच हजर. ब्याग ठेवली, चप्पल काढली. "आई, नळ आला होता ना? मग हे प्रवासातलं शिळंच," म्हणत अख्खी बाटली तिनं ऑर्किडमध्ये उपडी केली. अन् मंग तिला पानं दिसली.

काकूंचा चेहरा असा उजळला! "अगं यशश्रीऽऽ! मारलंस ना झाड! बघा, बघा सगळ्यांनी!"

यशश्री बिचारी माझ्याकडं वळली. "अंगद, तू तर गुप्तहेर आहेस. खरंच माझ्यामुळं?"

आता मी पडलो सत्याचा माणूस. तोंड उघडलंच होतं, तर काकूंनी जल्दी त्यात अख्खा पेढा कोंबला. अन् आपल्याला घरचं वळण हाये भौ, तोंडात घास असताना आपण बोलत न्हाई.