मी मी हाय का नाय?

हसूराम म्हात्र्यांचं दार वाजवलं की आतून प्रश्न येई, "कोन?" नाव सांगितलं की दुसरा: "नाव कोनी पन सांगल. पुरावा?"

पनवेलला आमच्या घरांची भिंत एकच होती, तरी मला सूट नव्हती. दूधवाला किटली वाजवून पुरावा देई. मी खोकत असे. खोकला पटला की कडी निघे.

हे वेड हसूकाकांनी बँकेतून आणलं, असं आम्ही सगळे समजत होतो. नव्या शहरासाठी जमीन गेली तेव्हा त्यांनी खातं उघडलं. सही मी शिकवली, खात्याला ओळखही मीच दिली. पुढे काकांचा हात थरथरू लागला आणि सहीचा आकार गेला. खिडकीतला कारकून म्हणे, "काका, सही जुळत नाही. ओळख द्यायला कुणी खातेदार आणा."

"काल तलावातला जिताडा तुज्या घरी पोचवला, तवा नाय सही मागितलीस."

"काका, तो मासा होता. ही बँक आहे."

"मंजे माशाला वलखलास, मला नाय."

मग मी काम करत असे त्या शाळेच्या वाचनालयात मला बँकेतून बोलावणं येई. मी खिडकीशी पोचलो की सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं काका विचारत, "मास्तर, सांगा याला, मी मी हाय का नाय?"

"आहात," मी म्हणत असे.

कारकुनाने एकदा नव्या सहीचं कार्ड करून घ्या म्हटलं, तर काका भडकले. "मंजे आतापातूर मी खोटा होतो?" घरी येईपर्यंत ते बँकेला शिव्या देत होते.

एका संध्याकाळी भिंतीवर टकटक झाली. "मास्तर, जरा येता? वलख द्यायची हाय."

बँक तर केव्हाच बंद झाली होती. मी गेलो. काका स्वतःच्याच उंबऱ्याबाहेर चपला हातात घेऊन उभे होते. आत हिराकाकी, त्यांची बायको, पदर आवळून बसली होती. तिला विसर पडतो हे मला माहीत होतं, पण ते भांडीकुंडी हरवण्यापुरतं, असं वाटलं होतं.

"मास्तर, ह्यो मानूस कोन?" तिने विचारलं. "म्हनतो, तुजा नवरा हाय."

आता काका भडकणार म्हणून मी थांबलो. ते हळूच म्हणाले, "बरोबर हाय तिचं. खात्री करून घ्यावी मानसानं."

"काकी, हे हसूकाकाच," मी म्हणालो. "मी ओळखतो यांना."

"तुमी सांगता म्हनून," असं म्हणत तिने चटई पुढे सरकवली. काका आत आले आणि चटईच्या कडेला बसले, पाहुण्यासारखे.

दारावरच्या त्या प्रश्नाचा अर्थ मला तेव्हा लागला. काकांनी येणाऱ्या प्रत्येकाकडेच पुरावा मागितला, की तिचं विचारणं कुणाला वेगळं वाटत नव्हतं.

पुढे बहुतेक संध्याकाळी मी ओळख द्यायला जात असे. बँकेत रांग ऐकेल असं ओरडणारा माणूस तिथे माझं बोलणं संपेपर्यंत मान खाली घालून उभा राही.

दिवाळीनंतर काका गेले. मी अजून जातो. चटई काकीने आधीच अंथरलेली असते.

"मास्तर," परवा ती म्हणाली, "तुमच्या वलखीचा तो मानूस येत नाय आता. गुमान बसायचा. बरा होता."