वाचनालयातला रब्बी हंगाम

सिडनीतल्या एका विद्यापीठाच्या ज्यू ग्रंथालयात रोज सकाळी दोन रब्बी येत आणि एका पुस्तकावरून दिवसभर भांडत. यात कोणालाही काही गैर वाटत नव्हते, आणि प्रशासनाच्या दृष्टीने नेमके तेच गैर होते.

रब्बी म्हणजे ज्यू धर्मगुरू. त्यातले रब्बी मेंडल उंच आणि हडकुळे, रब्बी झेलिग बुटके आणि गोल. दोघेही आपापल्या प्रार्थनामंदिरांतून निवृत्त झालेले. दोघांच्या मध्ये एक जाडजूड ग्रंथ उघडायचा, मेंडल यांनी एक ओळ वाचायची आणि ती संपायच्या आत झेलिग यांनी "चूक!" म्हणून टेबलावर हात आपटायचा, असा त्यांचा परिपाठ होता. मग आपलेच खरे करण्यासाठी दोघेही कपाटांतून आणखी ग्रंथ ओढून आणत. संध्याकाळी "तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही" असे एकमेकांना बजावून घरी जात, तेही एकाच गाडीने. त्यांच्या परंपरेत अभ्यास करायचा तो जोडीने आणि मोठ्याने. कोपऱ्यात एकटा गप्प वाचत बसलेला विद्यार्थी त्यांना आजारी वाटे.

ग्रंथपाल ईशानी गुप्ते मूळची साताऱ्याची. मास्टर्स करायला आली, पीआर म्हणजे कायम राहायची परवानगी मिळाली आणि हॅरिस पार्क या भारतीय वस्तीत मिठाईच्या दुकानावरच्या फ्लॅटमध्ये राहू लागली. नोकरीच्या पहिल्या दिवशी हा आरडाओरडा ऐकून तिने सिक्युरिटीला फोन लावला होता. आता शुक्रवारी दुपारी दोघे शब्बाथसाठी, म्हणजे त्यांच्या आठवड्याच्या पवित्र सुट्टीसाठी, लवकर निघून गेले की तिलाच करमत नसे. तिचे वडील कृषी खात्यातून निवृत्त झालेले. "बाबा, आमच्याकडे रोज रब्बी असतात," असे तिने फोनवर सांगितले तेव्हा ते म्हणाले होते, "बाराही महिने? मग पाण्याची सोय उत्तम दिसते."

तर अशा या सुपीक ग्रंथालयात एके दिवशी शेरिल तुस्कानो आली. शेरिल वसईची, ईशानीच्याच वयाची, पण हुद्द्याने वरची. तिच्या पदाचे नाव पूर्वी मुख्य ग्रंथपाल असे होते. परंतु त्यात 'ग्रंथ' हा शब्द येत असल्याने वाचकांवर दडपण येते, असे एका सल्लागार संस्थेला आढळले. त्यामुळे आता तिला ज्ञान-अनुभव व्यवस्थापक म्हणत.

"अगं ईशानी, तुझी कपाटं मेलीत," शेरिल टॅब्लेट पुढे करत म्हणाली. स्क्रीन लालभडक होता. "वर्षभरात एक पुस्तक इश्यू नाही. झीरो."

"इश्यू नाही, पण वापर चालूच असतो. ते बघ." त्या क्षणी झेलिग खुर्चीवर चढून एक ग्रंथ मेंडल यांच्या नाकासमोर नाचवत होते.

"तो वापर नाही गं. तो अडथळा." शेरिलने छतावरच्या नव्या सेन्सरकडे बोट दाखवले. त्याचा लाल दिवा उघडझाप करत होता. "पुस्तक घरी नेलं तर पूर्ण वापर. इथं बसून गप्प वाचलं तर अर्धा वापर. मोठ्याने वाचलं तर अडथळा."

"आणि घरी नेऊन वाचलंच नाही तर?"

"पूर्ण वापर."

ईशानीने सेन्सरकडे पाहिले. सेन्सरनेही तिच्याकडे पाहिल्यासारखे वाटले.

"ख्रिसमसपर्यंत वापर दिसला नाही तर पुस्तकं लगद्याला जाणार आणि इथं डुलकी काढायला वेलनेस पॉड होणार," शेरिल म्हणाली. "तुझ्या नोकरीचं काय ते नंतर बघतील. नो वरीज. म्हणजे, थोड्या आहेत."

ईशानीने दुपारीच रब्बींपुढे विषय काढला. पुस्तके घरी न्या, एवढीच तिची विनंती होती.

"घरी?" झेलिग दचकले. "घरी वाद घालायचा कोणाशी? बायको मला पहिल्याच ओळीत गप्प करते. मग अभ्यास पुढे सरकणार कसा?"

"मग असं करा. सकाळी काउंटरवर तुमच्या नावाने इश्यू करून घ्या, इथेच टेबलावर वाचा आणि संध्याकाळी परत करा."

मेंडल यांनी दाढीवरून हात फिरवला. "म्हणजे नेलं नाही, पण नेलं असं सांगायचं."

"मशीनला सांगायचं, रब्बी. माणसाला नाही."

"मशीनला खोटं सांगितलं तर ते खोटं ठरतं का?"

झेलिग यांचे डोळे मिठाईचा डबा उघडलेल्या पोरासारखे चमकले. असा प्रश्न त्यांना कित्येक वर्षांत मिळाला नव्हता.

"फसवणुकीला फसणारा लागतो. मशीन फसत नाही," मेंडल म्हणाले.

"चूक! मशीनच्या मागे माणूस असतो."

"मशीनच्या मागे मॅनेजर आहे."

"मॅनेजर हा शास्त्राच्या दृष्टीने माणूस धरावा का?"

"तो वेगळा प्रश्न. पण तो आधी सोडवावा लागेल."

दोघांना तो सुटेना. म्हणून बॉन्डायहून एक रब्बी बोलावले गेले. त्यांचे मत दोघांनाही पटले नाही, म्हणून सेंट आयव्हजचे दोन आले. सिडनीकरांना कोणतीच गोष्ट धड सोडवता येत नाही, अशी ठाम समजूत असल्याने मेलबर्नचे रब्बी कोणी न बोलावताच विमानाने आले. वर्षानुवर्षे हात न लागलेले ग्रंथ धूळ झटकून टेबलांवर आले. टेबले पुरेनात, तेव्हा जमिनीवर पसरले. दुसऱ्या दिवशी समोरच्याला चारी मुंड्या चीत करता यावे म्हणून जो तो रात्रीच्या तयारीसाठी पुस्तके घरी नेऊ लागला, अगदी प्रामाणिकपणे, आपापल्या नावावर. म्हणजे खोटे इश्यू करणे योग्य की अयोग्य हे ठरवता ठरवता खऱ्या इश्यूंचा पाऊस पडला. ईशानीचे हात दुखून आले, पण तोंडावरचे हसू जाईना.

आवाजाचे मात्र सेन्सरला झेपेना. त्याने त्या आवाजाची नोंद 'क्रीडास्पर्धा' अशी केली आणि नियमानुसार प्रथमोपचार पथक मागवले. पथकातल्या तगड्या ऑस्ट्रेलियन गृहस्थाला झेलिग यांनी दारातच गाठून, मॅनेजर माणूस आहे का, असे विचारले. तो म्हणाला, "डिपेंड्स, मेट." या उत्तरातली खोली सर्वांना इतकी जाणवली की त्याला संध्याकाळपर्यंत सोडलेच नाही.

महिनाअखेरीस शेरिल धावत आली. "ईशानी! तुझी कपाटं वाचली गं! अख्ख्या युनिव्हर्सिटीत सगळ्यात जास्त वापर. ग्रंथालय कमिटी खूश आहे."

ईशानीने तिला मिठीच मारली. शेरिलनेही मारली. मग टॅब्लेट काढला.

"आता ती हाय-व्हॅल्यू ॲसेट झालीत. इतके हात लागले तर झिजणार ना? म्हणून कमिटीने काच बसवायचं ठरवलंय. पूर्ण भिंतभर. मस्त लायटिंग, टेम्परेचर कंट्रोल, कुलूप."

"आणि वाचायची कशी?"

"वाचायची नाहीत. जपायची."

"म्हणजे कोणी वापरत नव्हतं तेव्हा तुम्ही ती फेकणार होता. आता सगळे वापरतायत, तर कुलपात ठेवणार?"

"बघ, तुलाही लॉजिक कळलं," शेरिलने सुटकेचा निःश्वास टाकला.

ईशानी तिथेच थांबली नाही. ती कमिटीपुढे गेली. अध्यक्षांनी प्रस्तावाचे पहिले वाक्य वाचले आणि ते संपायच्या आत तिने टेबलावर हात आपटला. "चूक!" ती इतक्या जोरात ओरडली की तिची तीच घाबरली. मग मात्र थांबली नाही. पुस्तक झिजलं तर ते जगलं, असं म्हणाली. झिजलेलं पुस्तक शिवता येतं, न उघडलेल्याचं काय करणार, असं विचारलं. कमिटीने तिचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, तिच्या तळमळीचे कौतुक केले, तिची नोंद 'अडथळा' या सदरात केली आणि प्रस्ताव एकमताने मंजूर केला.

काचभिंतीचे उद्घाटन थाटात झाले. पाहुण्यांनी ग्रंथांकडे पाठ करून सेल्फी काढले. पाहुणे पांगल्यावर मेंडल आणि झेलिग पुढे झाले. दोघांनी काचेला नाक लावले. सोनेरी प्रकाशात पुस्तके इतकी सुरेख दिसत होती की ती त्यांना ओळखू येईनात.

"त्या तपकिरी ग्रंथात आहे. डावीकडच्या पानावर," मेंडल म्हणाले.

"उजवीकडच्या."

एरवी इथे टेबल हादरले असते. पण उघडून दाखवायला काही नव्हते, त्यामुळे चूक कोणाची हे सिद्ध होईना आणि वाद पहिल्याच ओळीत मेला. मशीनला खोटे सांगावे की नाही, याचा निकाल तर राहूनच गेला, कारण त्याचा आधारही काचेमागेच होता. दोघे म्हातारे हात मागे बांधून निमूट उभे राहिले. छतावरचा सेन्सर प्रथमच हिरवा झाला.

ईशानीने दोघांना खुर्च्या आणून दिल्या.

झेलिग यांनी मान वळवली. "तुमच्या भाषेत पुस्तकं आहेत, ईशानी?"

"पुष्कळ. शेकडो वर्षांपासूनची."

"मग तुम्ही लोक त्यांच्यावरून भांडता का?"

ईशानीच्या डोळ्यांसमोरून हॅरिस पार्कचे फ्लॅट आणि केलीव्हिलचे बंगले गेले. जिथे जिथे ती जेवायला गेली होती, त्या साऱ्या मराठी घरांचे हॉल गेले.

"आम्हाला त्यांचा फार अभिमान आहे," ती म्हणाली. "इकडे येताना बॅगेतले कपडे काढतो, पण पुस्तकं घेऊन येतो. मग हॉलमध्ये त्यांच्यासाठी खास कपाट करून घेतो. काचेचं. आत लाइटही असतो."

"आणि उघडता केव्हा?"

"गणपतीच्या आधी," ईशानी जरा अडखळत म्हणाली. "पुसायला."

मेंडल यांनी मोठ्या आदराने तिच्याकडे पाहिले आणि मग झेलिग यांच्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "बघ. यांना तर कमिटीसुद्धा लागली नाही."