दस्त्याचा दोष

माणसाचा नेम चुकत नाही, बंदुकीचा चुकतो. आमचा रायफल क्लब याच भक्कम पायावर उभा आहे. गेल्या अकरा वर्षांत सदस्यांच्या चार हजार गोळ्या वाया गेल्या. त्यांचं रीतसर वर्गीकरण उपलब्ध आहे : बंदुकीचा अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता दमट हवेत फुगल्यामुळे ६१ टक्के, फायबरचा दस्ता अजिबात न फुगल्यामुळे २२ टक्के, वारा १६ टक्के. उरलेल्या एक टक्क्याबाबत एका सदस्याने स्वतःचा हात हलल्याचं लेखी कबूल केलं. (त्यांचं सदस्यत्व रद्द झालं. अशी माणसं संस्थेला कीड असतात.)

यंदा मात्र प्रसंग बाका होता. शेजारच्या क्लबाशी ओळीने बारावा सामना हरलो, तर करारानुसार आमचं मैदान त्यांचं होणार होतं. तातडीची सभा भरली. सराव करावा, अशी एक सूचना आली. विषयपत्रिकेत नसल्याने ती घेता आली नाही. मग रायफलीचं बेडिंग करायचं ठरलं. म्हणजे दस्त्याचं लाकूड आणि बंदुकीचं लोखंड यांच्यातली फट भरून टाकायची, की बार उडाला तरी बंदूक आत जागची हलत नाही.

फटी भरण्याचा अनुभव असलेले एकमेव सदस्य दातांचे डॉक्टर. त्यांनी दस्ता खुर्चीत आडवा केला, दिवा खाली ओढला, कोरलं, सुकवलं, दाढेत भरतात ते सिमेंट भरलं आणि दोन तास काही चावायचं नाही, असं सवयीने बजावलं. (चिटणीसांनी पाळलं.) काम इतकं नेटकं झालं, की नंतर नेम तपासून बघणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास. तो कोणी दाखवला नाही.

सामन्याच्या दिवशी आमच्यातर्फे चिटणीस पोटावर झोपले. मागे दुर्बीण लावून त्यांची बायको. पाचव्या गोळीनंतर ती हळूच म्हणाली, "अहो, तुमच्या गोळ्या शेजारच्यांच्या निशाणाच्या कागदात जातायत."

"एकाच भोकातून जातायत का?"

"हो. अगदी मधोमध."

"मग बेडिंग फर्स्टक्लास झालंय. बोलू नकोस, लक्ष उडतं."

उरलेल्या पाचही तिथेच गेल्या. शेजाऱ्यांचा गडी खरं तर तापाने फणफणलेला होता. तरी तो विक्रमी गुणांनी जिंकला.

चौकशी समितीने दस्ता, बेडिंग आणि चिटणीस तिघांनाही निर्दोष ठरवलं. आमचा कागदच दोन हात उजवीकडे टांगला होता. (संबंधित खिळा उपटण्यात आला आहे.)

मैदान गेलं. तेव्हापासून आमची एकही गोळी चुकलेली नाही, त्यामुळे सदस्यसंख्या तिप्पट झाली. अर्जात एकच प्रश्न आहे : 'आजवर तुमच्या स्वतःच्या चुकीने काही बिघडलं आहे का?' तुमचा अर्ज सोबत जोडला आहे. उत्तर आम्ही छापतानाच भरून टाकलं. आजवर कोणी खोडलेलं नाही. तुम्ही सही तेवढी करा. वेडीवाकडी आली तर पेन कोणतं होतं ते कळवा.